‘सिंगल मदर’ची मुलं मागे पडतात, असं संशोधन खरंच सांगतं का?

एखाद्या सेलिब्रिटीच्या घटस्फोटाची बातमी आली की कॉमेंटमध्ये दोन गट ठरलेले असतात. एक म्हणतो, “मुलांचं वाटोळं होणार, परदेशातल्या संशोधनानेच सिद्ध झालंय.” दुसरा म्हणतो, “आई खंबीर असेल तर बापाची गरजच काय?” आणि तोही कुठल्या तरी संशोधनाचाच हवाला देतो.

गंमत म्हणजे हे दोन्ही दावे शोधत मागे गेलात तर बऱ्याचदा एकाच व्यक्तीच्या कामापाशी येऊन थांबाल. तिचं नाव सारा मॅक्लॅनहॅन. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातली समाजशास्त्रज्ञ. बदलती कुटुंबं आणि मुलांचं भलं-बुरं याच एका प्रश्नावर तिने जवळपास चाळीस वर्षं काम केलं. ३१ डिसेंबर २०२१ रोजी तिचं निधन झालं, पण तिने सुरू केलेला अभ्यास अजून चालू आहे. आणि त्या अभ्यासाने वरच्या दोन्ही गटांची पंचाईत केली आहे.

सुरुवात झाली ती खोडून काढायच्या इराद्याने

१९६५ साली अमेरिकन सरकारच्या कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मोयनिहान यांनी एक अहवाल लिहिला. कृष्णवर्णीयांच्या गरिबीचा संबंध त्यांनी मोडकळीला आलेल्या कुटुंबांशी जोडला होता. त्या वेळी कृष्णवर्णीय मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलं लग्नाबाहेर जन्माला येत होती. अहवालावरून रान पेटलं. पिचलेल्यांनाच दोष दिला जातोय, असा आरोप झाला. त्याचा परिणाम असा की पुढची कित्येक वर्षं बहुतेक अभ्यासक या विषयाला हात लावायला कचरत होते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द न्यू यॉर्कर’ मासिकात पत्रकार केन ऑलेटा यांची अमेरिकेतल्या तळाच्या वर्गावर लेखमाला आली. एकट्या आईने मुलं वाढवणं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गरिबी यांचा संबंध त्यात पुन्हा मांडला होता. मॅक्लॅनहॅन तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात होती. ती स्वतः घटस्फोटित होती आणि एकटीने मुलं वाढवत होती. हे काही तिला पटेना. आकडेवारी नीट तपासली तर हा दावा टिकणार नाही, अशी तिची खात्री होती.

आकडे तपासले, आणि निघालं भलतंच.

१९९४च्या पुस्तकात काय सापडलं?

मॅक्लॅनहॅन आणि तिचा सहकारी गॅरी सँडेफर यांनी चार मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणांची आकडेवारी पिंजून काढली आणि १९९४ मध्ये पुस्तक लिहिलं, ‘ग्रोइंग अप विथ अ सिंगल पॅरेंट’. जन्मदात्या दोन्ही पालकांसोबत वाढलेल्या मुलांच्या तुलनेत एकाच पालकाकडे वाढलेल्या मुलांनी हायस्कूल अर्धवट सोडण्याचं प्रमाण दुप्पट होतं. विशीच्या आत आई होणाऱ्या मुलींचं प्रमाणही दुप्पट. शिक्षण नाही, नोकरीही नाही, अशा स्थितीत असलेल्या तरुणांचं प्रमाण दीडपट.

पहिल्या गटाला इथेच स्क्रीनशॉट काढायचा मोह होतो. पण पुस्तक इथे संपत नाही.

या फरकातला साधारण अर्धा भाग नुसत्या पैशाने समजावता येत होता. घर फुटलं की उत्पन्न घटतं, मग भाडं परवडत नाही, घर बदलावं लागतं, शाळा बदलते, ओळखीपाळखीची माणसं तुटतात. दुसरं म्हणजे, सावत्र वडील आल्यावर उत्पन्न वाढायचं, पण म्हणून मुलांची स्थिती एकट्या आईच्या मुलांपेक्षा फारशी सुधारलेली दिसत नव्हती. म्हणजे ‘घरात एक पुरुष हवा’ हा हिशोबही बसत नाही. तिसरं म्हणजे, वडील वारलेल्या मुलांची स्थिती पालक विभक्त झालेल्या मुलांपेक्षा बरी होती. घरात वडील दोन्हीकडे नाहीत, तरी फरक! कारण अमेरिकेत विधवेला आणि तिच्या मुलांना सरकारी निवृत्तिवेतन मिळतं आणि समाजाची सहानुभूतीही मिळते. घटस्फोटितेच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात कमी फॉरवर्ड होते: उद्या सगळी मुलं दोन्ही पालकांसोबत राहायला लागली, तरी शाळा सोडण्याची आणि किशोरवयीन मातृत्वाची समस्या बरीचशी शिल्लकच राहील, असं याच लेखकांनी लिहून ठेवलं आहे. एकल पालकत्व हे सगळ्या दुखण्यांचं मूळ नाही.

साहजिकच, पुस्तकावर दोन्ही बाजू नाराज झाल्या. परंपरावाद्यांना ते पुरेसं कडक वाटलं नाही आणि अनेक स्त्रीवाद्यांना ते दगाफटका वाटलं.

मग हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन मुलाखती

या पुस्तकात एक मोठी उणीव होती. वडिलांचा पत्ता नव्हता. बाप म्हणजे फक्त ‘गैरहजर’ असा एक रकाना. त्यात अमेरिकेत लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण झपाट्याने वाढत होतं. १९६० मध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास होतं, आज साधारण ४० टक्के आहे. ही जोडपी आहेत कोण? एका रात्रीची ओळख, की संसार मांडलेले लोक? कुणालाच धड माहीत नव्हतं.

मॅक्लॅनहॅन आणि तिचे पती, कोलंबिया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ अर्विन गारफिंकल यांनी १९९८ ते २००० या काळात एक अभ्यास उभा केला. ‘फ्रॅजाइल फॅमिलीज’ म्हणजे ‘नाजूक कुटुंबं’ हे त्याचं नाव. दोन लाखांहून जास्त वस्तीची २० शहरं आणि सुमारे ४,९०० नवजात बाळं. त्यातली जवळपास तीन चतुर्थांश बाळं मुद्दाम अविवाहित पालकांची निवडली, कारण अभ्यास त्यांचाच करायचा होता. म्हणून हे आकडे ‘सगळ्या अमेरिकेचे’ म्हणून वापरता येत नाहीत. (तरी वापरले जातात, तो भाग वेगळा.)

युक्ती साधी होती. वडिलांना शोधत घरोघर फिरायचं नाही. बाळ जन्मलं की एक-दोन दिवसांत हॉस्पिटलमध्येच आईला गाठायचं, आणि बापही तिथेच भेटेल. तो भेटलाही. लग्न न झालेल्या दर दहा जोडप्यांतली आठ जोडपी बाळाच्या जन्माच्या वेळी प्रेमसंबंधात होती. निम्मी तर एकाच घरात राहत होती. बहुतेक वडिलांनी गरोदरपणात खर्चाला हातभार लावला होता आणि आपलं लग्न होईल असं बहुतेकांना वाटत होतं.

‘पोरगी अडकवून पळून गेलेला बाप’ हे जे चित्र राजकारणी रंगवत होते, ते निदान जन्माच्या दिवशी तरी खोटं होतं. संशोधक या वेळेला ‘मॅजिक मोमेंट’ म्हणू लागले.

पण अभ्यास एका दिवसाचा नव्हता. मूल १, ३, ५, ९, १५ आणि मग २२ वर्षांचं झालं तेव्हा संशोधक पुन्हा पुन्हा त्याच कुटुंबांकडे गेले. पाचव्या वाढदिवसापर्यंत या अविवाहित जोडप्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश एकत्र उरली होती. नाती तुटली, नवी जुळली, तीही तुटली. घरात नवा माणूस, त्याची आधीची मुलं, मग आणखी एक भावंडं. बाप महिन्यातून एकदा येणार, मग सणाला, मग तेही नाही.

असं का झालं, याचं उत्तर जन्माच्या दिवशीच्या माहितीतच होतं. या आयांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी हायस्कूलही पूर्ण केलेलं नव्हतं. वडिलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण कधी ना कधी तुरुंगात जाऊन आलेले होते. अमेरिकेत तुरुंगाचा शिक्का लागलेल्या माणसाला धड नोकरी मिळणं कर्मकठीण असतं. प्रेम होतं, इच्छा होती, पण संसार चालवायला जे लागतं ते हातात नव्हतं.

फरक बापाच्या नसण्याचा, की सारखं काहीतरी बदलण्याचा?

याबाबतीत मोठी गफलत होऊ शकते. समजा, बाप दारू पितो, मारहाण करतो, म्हणून आई मुलाला घेऊन बाहेर पडते. पुढे ते मूल शाळेत मागे पडलं, तर दोष घर सोडण्याचा की त्याआधीच्या दारूचा? दोन्ही प्रकारची घरं नुसती शेजारी ठेवून तुलना केली तर हे कधीच कळणार नाही.

म्हणून संशोधकांनी जास्त कसोटीच्या पद्धती वापरायला सुरुवात केली. त्याच मुलाची घर फुटण्याआधीची आणि नंतरची स्थिती पाहायची, किंवा एकाच आईच्या दोन मुलांची तुलना करायची. २०१३ मध्ये मॅक्लॅनहॅनने लॉरा टॅक आणि डॅनियल श्नायडर यांच्यासोबत अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की कसोटी कडक केली की वडिलांच्या गैरहजेरीचा परिणाम लहान होतो, पण नाहीसा होत नाही. मुलांचा आक्रमकपणा आणि बेशिस्त, हायस्कूल पूर्ण न होणं, आणि मोठेपणचं मानसिक आरोग्य, यांवर परिणाम असल्याचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. परीक्षेतले गुण किंवा बौद्धिक क्षमता यांवर परिणाम होतो याचा पुरावा मात्र कच्चा आहे.

म्हणजे मूल ‘ढ’ होत नाही. ते अस्वस्थ होतं, आणि त्या अस्वस्थपणामुळे शाळा सुटते. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, हे लक्षात घ्यायला हवं.

अस्थिरतेचा प्रश्नही इथेच येतो. या अभ्यासातल्या माहितीत वारंवार दिसलं की आईच्या आयुष्यात जोडीदार जितक्या वेळा बदलतात, तितका मुलाच्या वागण्यावर ताण दिसतो. एकटी आई, पण घर, शाळा, दिनक्रम तोच, हे चित्र वेगळं. आणि दर दोन वर्षांनी घरातली माणसंच बदलतात, हे चित्र वेगळं. कॉमेंट बॉक्समध्ये मात्र दोन्हींना एकच नाव मिळतं.

हा ताण शरीरातही दिसतो का? आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ असतात. कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून काठ दुमडून शिवतात, साधारण तसं त्यांचं काम. वय वाढतं तसे ते झिजतात आणि दीर्घकाळच्या ताणानेही झिजतात, असं मानलं जातं. याच अभ्यासातल्या ९ वर्षांच्या मुलांची लाळ तपासून २०१७ मध्ये एक शोधनिबंध आला. वडील गमावलेल्या मुलांचे टेलोमिअर सरासरी १४ टक्के आखूड होते. वडिलांचा मृत्यू झाला असेल तर १६ टक्के, ते तुरुंगात गेले असतील तर १० टक्के, पालक विभक्त झाले असतील तर ६ टक्के. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेलं नाही. पण विभक्त होण्याचा आकडा यात सगळ्यात लहान आहे, आणि चर्चा सगळ्यात जास्त त्याचीच होते.

लग्न लावून दिलं तर?

हा प्रश्न अमेरिकन सरकारलाही पडला. ‘मॅजिक मोमेंट’चे आकडे धोरणकर्त्यांनी उचलले. जोडपी जन्माच्या वेळी प्रेमात आहेत आणि त्यांना लग्न करायचंय, मग त्याच वेळी मदत केली तर? जॉर्ज बुश यांच्या काळात, २००६ पासून, विवाह आणि जबाबदार पितृत्वाच्या कार्यक्रमांसाठी वर्षाला १५ कोटी डॉलर ठेवले गेले.

त्यातला एक प्रयोग होता ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’. आठ ठिकाणी पाच हजारांहून जास्त अविवाहित जोडपी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला संवाद कसा साधावा, भांडण कसं मिटवावं याचे वर्ग, दुसऱ्याला काहीच नाही.

१५ महिन्यांनी पाहिलं, दोन्ही गटांत एकत्र राहणाऱ्यांचं प्रमाण सारखंच. तीन वर्षांनी पाहिलं, तरी तेच. बाल्टिमोर शहरात तर वर्ग केलेल्या जोडप्यांचं एकत्र राहण्याचं प्रमाण १५ महिन्यांनंतर उलट कमीच होतं. भाडं थकलंय आणि नोकरी नाही, अशा घरात ‘शांतपणे बोला’ हा सल्ला किती पुरणार?

मॅक्लॅनहॅन आणि गारफिंकल यांचा भर पहिल्यापासून दुसरीकडे होता. मूल ज्याच्याजवळ नाही त्या पालकाकडून संगोपनाचा खर्च वसूल व्हावा आणि तो मिळत नसेल तर सरकारने किमान रकमेची हमी घ्यावी. खर्च वसुलीचे कायदे अमेरिकेत पुढे कडक झाले, हमीचं मात्र घोंगडं भिजतच राहिलं. त्यामुळे जो बाप बेकार आहे किंवा तुरुंगात आहे, त्याच्या नावावर थकबाकी चढत जाते आणि मुलाच्या ताटात तरीही काही पडत नाही.

खरी दरी कुठे पडली?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेची अध्यक्ष म्हणून मॅक्लॅनहॅनने जे भाषण केलं, ते तिच्या एकूण कामातलं सगळ्यात महत्त्वाचं मानायला हरकत नाही. ‘डायव्हर्जिंग डेस्टिनीज’, म्हणजे दोन दिशांना फुटत गेलेली नशिबं.

१९६० नंतर कुटुंबं सगळ्यांचीच बदलली, पण सारखी नाही. शिकलेल्या बायकांनी मुलं उशिरा होऊ दिली, नोकऱ्या केल्या, त्यांच्या घरात दोन पगार आले आणि त्यांचे नवरे मुलांना जास्त वेळ देऊ लागले. या बदलाने त्यांच्या मुलांच्या पदरात जास्त पडलं. कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला आलं ते घटस्फोट आणि लग्नाबाहेरचं मातृत्व, ज्यात पगार एकच आणि तोही तुटपुंजा. म्हणजे ‘आधुनिक कुटुंब’ नावाची एकच गोष्ट नाही. वरच्या वर्गाला त्यातून मिळालं आणि खालच्या वर्गाचं गेलं. सेलिब्रिटीच्या घटस्फोटाखाली हे संशोधन चिकटवणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते.

आपल्याकडे हे लागू होतं का?

जसंच्या तसं नाही. भारतात लग्नाबाहेरचे जन्म फार थोडे आहेत. इथली एकटी आई बहुतेकदा विधवा असते, नवऱ्याने टाकलेली असते किंवा घटस्फोटित असते. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन विमेन’ या संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार भारतातली सुमारे ४.५ टक्के कुटुंबं एकट्या आया चालवतात. त्यांच्यातलं गरिबीचं प्रमाण ३८ टक्के होतं, तर दोन्ही पालक असलेल्या घरांत २२.६ टक्के. अमेरिकेतल्या मुलांबाबतचे निष्कर्ष उचलून इथे लावता येणार नाहीत. घरात आजी-आजोबा असणं, मामाने मुलांना आधार देणं, किंवा उलट सासर-माहेर दोन्हीकडून दारं बंद होणं, हे सगळं त्या वीस शहरांच्या प्रश्नावलीत नव्हतं. पैशाचा धागा मात्र सारखा दिसतो.

महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. अनाथ मुलांबरोबरच एक पालक असलेल्या गरजू मुलांनाही तिचा लाभ मिळतो. दरमहा रक्कम ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाली आहे. कोविडमध्ये नवरा गमावलेल्या अनेक बायकांना या योजनेचं नाव पहिल्यांदा तेव्हाच ऐकायला मिळालं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करता येते.

आणि एका मुलाचं भविष्य?

सगळ्यात मजेशीर निकाल आला २०२० मध्ये. प्रिन्स्टनच्या मॅथ्यू सॅलगॅनिक आणि सहकाऱ्यांनी याच अभ्यासातली माहिती वापरून एक जाहीर स्पर्धा घेतली. ४ हजारांहून जास्त कुटुंबं आणि प्रत्येकाबद्दल जवळपास १३ हजार बाबींची नोंद. जन्मापासून नवव्या वर्षापर्यंतची माहिती घ्या आणि पंधराव्या वर्षी काय घडेल ते सांगा. मुलाचे शाळेतले गुण किती, त्याची चिकाटी किती, घरातून बाहेर काढलं जाईल का, पालकांची नोकरी जाईल का, वगैरे.

१६० संघांनी मशिन लर्निंगची सगळी आयुधं परजली. सगळे आपटले. सर्वोत्तम मॉडेलही चार-पाच साध्या गोष्टींवर बेतलेल्या प्राथमिक गणितापेक्षा जेमतेम सरस ठरलं. सरासरीचे आकडे हजारो मुलांच्या गर्दीबद्दल काही सांगू शकतात. त्यातल्या एका मुलाकडे बोट दाखवून ‘याचं असं होणार’ हे १३ हजार गोष्टी माहीत असूनही सांगता आलं नाही. शेजारच्या घटस्फोटित बाईच्या मुलाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला किती माहिती असते, हे ज्याचं त्याने ठरवावं.

२०२३ मध्ये अभ्यासाचं नावही बदललं. ‘फ्रॅजाइल’ शब्द गेला आणि आता तो ‘फ्यूचर ऑफ फॅमिलीज’ म्हणून ओळखला जातो. हॉस्पिटलच्या त्या वॉर्डांत जन्मलेली मुलं आता पंचविशी ओलांडत आहेत. त्यांच्यातले काहीजण स्वतः आईबाप झाले आहेत.